तीन वाफे आणि एक शेकाट्या

आता हे तुम्हाला सांगावं की नको, याचा मी कितीतरी वर्षं विचार करतोय. म्हणजे बाकीच्यांनी ते गावभर सांगून झालंय, फक्त माझ्या तोंडून अजून कोणी ऐकलेलं नाही. चहा टाकलाय, तो होईस्तोवर ऐकून घ्या. हसायचं असेल तर शेवटी हसा. मध्येच हसलात की माझा धागा तुटतो.

पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीकडे एक गाव आहे. तिथे जाऊन 'जनार्दन' म्हणून चौकशी केलीत तर कोणी ओळखणार नाही. 'शेकाट्या' म्हणून बघा, पाणवठ्यावरच्या बायका पदराआड हसायला लागतील. शेकाट्या हा पक्षी हो. पांढरं अंग, काळे पंख आणि खाली लाल काड्या खोचल्यासारखे लांबच लांब पाय. माझी उंची तुम्ही बघताच आहात, पण नाव उंचीवरून पडलेलं नाही. ते मी कमावलंय.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. राहायला रोह्याला, कामाला नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत, शिफ्टची नोकरी. लग्नाचं बघणं चालू होतं. दोन ठिकाणी नकार आला होता. पहिल्यांनी सांगितलं, मुलगा फार बारीक आहे. दुसऱ्यांनी काहीच सांगितलं नाही, पण निघताना मुलीच्या आईने माझ्या हातात दोन केळी ठेवली, त्यावरून आम्ही समजलो.

तिसरं स्थळ मधूमामाने आणलं. मधूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लग्नं जमवणं हा त्याचा छंद, आणि जमलेल्यांपेक्षा फिसकटलेल्यांच्या गोष्टी त्याला जास्त आवडीने सांगता येतात.

"मुलगी वंदना," मामा म्हणाला. "बारावी झालेली. घरचं मिठागर हाय. बाप काशिनाथ, समदे आप्पा म्हनतात. पन पोरगी खमकी हाय हां. दोघांना परत पाठवलंय तिनं."

"का?"

"आगर बघायला नेलं व्हतं. एकानं नाकाला रुमाल लावला. दुसरा बांधावर उतरलाच नाय, बूट खराब व्हतील म्हनून. ती म्हनते, ज्याला आमच्या आगराची लाज वाटते त्याच्या घरी मी जानार नाय."

मला हे ऐकूनच ती आवडली. खरं सांगतो, फोटोसुद्धा बघितला नव्हता तेव्हा.

आम्हीसुद्धा आगरीच. माझे आजोबा मिठागरावर राबलेले. पण वडील नोकरीला लागले, आम्ही रोह्यात वाढलो, आणि मी मीठ पाहिलं ते आईच्या बरणीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मे महिन्यातला रविवार होता. मी काय घालून गेलो असेन? पांढरी पँट! मिठागरवाल्यांच्या घरी जायचंय, चिखलातून चालायचंय, आणि मी कडक इस्त्रीची पांढरी पँट घातली. वर मामाचा काळा गॉगल. पाखरं पिसारा फुलवतात, आम्ही पँटला इस्त्री करतो. डोक्याला तेल इतकं चोपडलं होतं की रोह्याहून गाडी सुटली तेव्हा खिडकीची धूळ सगळी माझ्या केसांवर जमा झाली.

कासूला गाडी थांबली तेव्हा मामाने शेवटची ताकीद दिली. "जना, तिथं जास्त बोलू नको. तू बोललास का काम बिघडतं."

मी मान डोलावली. मान डोलावताना माझी खरंच तशी इच्छा होती.

घर छान होतं, अंगणात मांडव, ओट्यावर चटई. पोहे आले. आप्पा कमी बोलणारा माणूस. त्यांची थोरली बहीण सोनीआत्या खांबाला टेकून बसलेली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, त्याला थोडा वेळ लागला. मग वंदना पाण्याचे ग्लास घेऊन आली. उन्हाने रापलेला चेहरा, डोळ्यात मिश्किलपणा, आणि बसली ती मान खाली न घालता, सरळ समोर बघत.

मुलीला प्रश्न विचारायची पद्धत असते ना? इथे तिनेच मला विचारलं.

"मिठागर बघितलंय कवा?"

मामाने माझ्या पायावर पाय ठेवला. तो दाबायलाही लागला. पण मी आता कुठला थांबतोय?

"बघितलंय म्हणजे काय," मी म्हणालो. "आजोबांचा जन्म गेला आगरात. आमच्या रक्तातच मीठ आहे. वाफा नुसता बघून मी सांगतो, मीठ कधी ओढून बाहेर काढायचं ते."

पुढे मी काय काय बोललो ते आज आठवलं तरी कानशिलं गरम होतात. खारं वारं, भरतीचं पाणी, आगरावरची पाखरं, सगळ्यांवर मी बोललो. पाखरांवर तर जरा जास्तच बोललो. आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. ते उठले.

"चला मग. शेवटचं मीठ आलंय. आठवड्यात कवाबी पाऊस येल. बघून घ्या."

वंदना माझ्याकडे बघून जराशी हसली. त्या हसण्यावर मी रोह्यापर्यंत चालत गेलो असतो.

मिठागरावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. समोर चौकोनी वाफेच वाफे, मध्ये मातीचे अरुंद बांध. बहुतेक वाफे रिकामे झाले होते. खाडीच्या अंगाला तीन राहिले होते, त्यात बोटभर पाणी आणि पाण्याखाली मिठाचा जाड पांढरा थर. दुधावर साय धरावी तसा. बघून मीसुद्धा गॉगल वर सरकवला.

आप्पांनी एकच गोष्ट सांगितली. "हे तीन उद्या सकाळी ओढायचे. बांधावरनं चाला. वाफ्यात पाय नको. खालचा काला चिखल वर आला का मीठ गेलं."

"मला सांगताय आप्पा?" मी म्हणालो. अगदी ह्याच शब्दांत.

मग आप्पा मामाला घेऊन पलीकडची मिठाची रास दाखवायला गेले. वंदना आणि आत्या पाण्याच्या वाटेशी काहीतरी बघत होत्या, शंभरेक पावलांवर. मी एकटाच बांधावरून हिंडत होतो, हात मागे बांधून, मालकासारखा.

आणि एकदम कोणीतरी किंचाळलं.

बघतो तर समोर चार हातांवर शेकाट्या बांधावर पडलेला. एक पंख पसरून जमिनीवर आपटतोय, पाय दुमडलेत, मान वाकडी, आणि आवाज असा की काळजात चर्र व्हावं. पंख मोडलाय, दुसरं काय! मला खरोखर वाईट वाटलं, ते पहिल्यांदा सांगतो. मग दुसरा विचार आला, तोही लपवत नाही. ह्या पाखराला मी हळूच ओंजळीत उचललं, रुमालात गुंडाळलं आणि वंदनाच्या हातात नेऊन दिलं, तर? ज्या आगराला दोघांनी नाकं मुरडली, तिथल्या पाखरासाठी ह्या माणसाचा जीव तुटतो! बोलणी तिथेच पक्की.

मी वाकलो. तो दोन हात पुढे सरकला. मी दोन पावलं गेलो. तो पुन्हा कोसळला, आधीपेक्षा वाईट. आता दोन्ही पंख गेले वाटतं, असं म्हणून मी घाई केली. तो फरपटत बांधावरून खाली उतरला.

वाफ्यात.

तुम्ही म्हणाल, आप्पांनी सांगितलं होतं ना? होतं. पण समोर जीव तडफडतोय आणि मी बांधावर उभा राहून मिठाचा विचार करू? मी चपला काढल्या, तेवढं भान होतं, आणि उतरलो. पहिला पाय घोट्यापर्यंत आत गेला. दुसरा जरा जास्त. पाखरू एका हातावर, बोटं टेकणार एवढ्यात फडफडून पुढे. असं करत पहिला वाफा संपला, मधला बांध ओलांडून आम्ही दुसऱ्यात आलो.

तिकडून ओरडा ऐकू आला. मी वळून बघितलं. आप्पा, मामा, आत्या, वंदना, चौघंही दोन्ही हात वर करून जोरजोराने हलवत होते. वाऱ्यामुळे शब्द कळत नव्हते, पण हात स्पष्ट दिसत होते. मला वाटलं, बघा, सगळं घर आपल्याला धीर देतंय. मीही हात वर करून हलवला.

"धरतो, धरतो!" मी ओरडलो. "काळजी करू नका!"

त्यांनी आणखी जोरात हात हलवले. मामाने तर टोपी काढून हवेत फिरवली. मला इतका हुरूप आला की तिसऱ्या वाफ्यात मी धावतच गेलो.

तिसऱ्या वाफ्याच्या मधोमध शेकाट्या पूर्ण आडवा झाला. संपला बिचारा, असं म्हणून मी दोन्ही हात पुढे करून झेप घेतली आणि पालथा पडलो, नाकातोंडात मीठ घेऊन. मान वर केली तर काय बघतो? पाखरू उभं राहिलं. पंख नीट मिटून घेतले, नीट उघडले, आणि सरळ उडालं. ठणठणीत! माझ्या डोक्यावरून एक फेरी मारली, लाल पाय मागे लांब सोडून, आणि जिथून आम्ही निघालो होतो तिथेच, पहिल्या बांधावर जाऊन उतरलं. तिथे मातीच्या खळग्यात चार ठिपकेदार अंडी होती, ती मला नंतर दाखवली. त्यांच्यावर पाय दुमडून ते आरामात बसलं. म्हणजे मघाशी आणखी दोन पावलं गेलो असतो तर माझी टाच अंड्यांवरच पडली असती.

मी उठून मागे बघितलं. तीन वाफ्यांतून माझ्या पायांची काळीकुट्ट रांग, नागमोडी. दोन म्हशी मागे लागल्या असत्या तरी एवढं तुडवलं गेलं नसतं. माझी पँट आता पांढरी नव्हती. गॉगल सापडत नव्हता.

आप्पा बांधावर येऊन उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते वाफ्यांकडे बघत होते. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. एवढ्या उन्हात महिनाभर जपलेलं शेवटचं मीठ, आणि मी ते चुलीतल्या राखेच्या रंगाचं केलं होतं. वंदनाच्या डोळ्यातला मिश्किलपणा गेला होता, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. दोघांना तिने रुमालावरून आणि बुटांवरून परत पाठवलं. मला काय करणार, हे काय सांगायला हवं?

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते कुठून आलं, देव जाणे.

मी लंगडायला लागलो.

"आई गं," मी म्हणालो आणि डावा पाय उचलून धरला. "मुरगळला वाटतं. मोडलासुद्धा असेल."

मामा माझा मामाच. त्याला लगेच समजलं. "अरे देवा, पोरगा जखमी झाला की," म्हणत तो धावला. आप्पांचा राग जिथल्या तिथे थांबला. शेवटी पाहुणा ना! त्यांनी मला काखेत हात घालून बांधावर आणलं, बसवलं, आत्याने आपल्या डोक्याचं फडकं भिजवून घोट्याला गुंडाळलं. मी डोळे मिटून कण्हत होतो. मनात म्हटलं, वाचलो.

मग मला उठवून गावाकडे चालवायला लागले. मी लंगडतोय, आई गं करतोय, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला आप्पा. दहा पावलं गेलो असू.

"उबा ऱ्हा," मागून आत्या म्हणाली.

आम्ही थांबलो.

"पोरा, फडकं मी डाव्या पायाला गुंडाललंय. लंगडतंस तू उजव्या पायानं."

मी खाली बघितलं. खरंच की हो! मामाने आकाशाकडे बघायला सुरुवात केली.

आत्या पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "तुला माहीत हाय ते पाखरू कशाला लंगडलं? तिची अंडी व्हती तिथं. मानसाची नजर अंड्यांवर पडू नये म्हनून ती खोटी पडते. दर वर्साला पडते. ती लंगडते ती पोरांसाठी. तू कशाला लंगडतंस? तुजी अंडी कुठं हायेत?"

मी आप्पांकडे बघितलं, मामाकडे बघितलं. मग नजर गेली ती वंदनाकडे, आणि तिथेच राहिली. मला हलवताच येईना.

आणि बाहेर पडलं ते खरं पडलं. "मला आगरातलं काही कळत नाही," मी म्हणालो. "आजोबा होते आगरात, मी नाही. मीठ मी बरणीतलं बघितलंय. पाखरू तुमच्या मुलीला द्यावं म्हणून धरायला गेलो. आणि लंगडलो, कारण तुम्ही मला परत पाठवाल असं वाटलं. मला परत जायचं नाही."

आत्याने माझ्या नजरेमागून नजर नेली, वंदनापर्यंत, आणि परत आणली.

"कलली," ती म्हणाली. "कलली तुजी अंडी कुठं हायेत ती."

वंदनाने तोंडावर हात दाबला. पण डोळे हसत होते, मला दिसलं. ती म्हणाली, "मी पाच वर्सांची व्हते तवा मलाबी त्या पाखरानं फसवलं व्हतं. एकाच वाफ्यात. तुमी सव्वीसचे हाव ना?"

"हो."

"मंग उद्यापासनं या. हे तीन वाफे तुडवून परत सारखे करायचे. मीठ आता येवो नाय तर न येवो. बिघडवलंत ते नीट करायचं. मंग बगू."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "शिफ्ट किती वाजता सुटते?" एवढंच त्यांनी विचारलं.

पुढचे सहा दिवस मी पहिली शिफ्ट करून नागोठण्याहून गाडी पकडायचो आणि आगरावर जायचो. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात, ते काम साधं नाही हां. ओळीने उभं राहायचं, टाचेला अंगठा लावून पाऊल टाकायचं, एक इंचसुद्धा सोडायचं नाही. मी आत्या आणि वंदनाच्या मध्ये. वेडंवाकडं पाऊल पडलं की आत्या मला मागे नेऊन पुन्हा सुरुवात करायला लावायची. पहिल्या बांधावरचा शेकाट्या अंड्यांवर बसून सगळं बघायचा. मी जवळून गेलो तरी तो आता उठायचासुद्धा नाही. माझ्यापासून धोका नाही, हे त्याला बहुतेक समजलं होतं.

सातव्या दिवशी पाऊस आला. त्या तीन वाफ्यांत त्या वर्षी चिमूटभर मीठ आलं नाही. अंड्यांतून मात्र चारही पिल्लं बाहेर पडली. आणि आमचा साखरपुडा झाला. आप्पांनी मला नारळ दिला आणि कानात म्हणाले, "बांधावरनं चाला हां जावय."

आता तुम्हाला वाटेल, झालं, गोष्ट संपली, गोड झालं. छे हो. शिक्षा तर लग्नानंतर सुरू झाली. घरात मी कुरकुरलो, पाठ दुखते, बाजारात नंतर जातो, अंगात कणकण आहे, की वंदना निवडत्या भाजीवरून मान वर न करता विचारते, "आज कुठला पाय?" इतकी वर्षं झाली, मला एक दुखणं सुखाने दुखवून घेता आलेलं नाही.

परवाच्या मार्चमध्ये मी जिन्यावरून घसरलो. खराखुरा. डाव्या पायाचं हाड खरोखर मोडलं. मी खाली पडून बोंबलतोय आणि वरून आवाज येतो, "नक्की डावा ना?" मग ती धावत आली, आणि माझा पाय बघून रडली, तेही सांगतो, नाहीतर तुम्ही तिच्याबद्दल भलता समज करून घ्याल. दवाखान्यात रात्रभर माझा हात तिने सोडला नाही.

चार दिवसांनी गावाहून सोनीआत्या मला बघायला आली. ऐंशीच्या पुढे गेलीय आता, काठी टेकत येते. मी खाटेवर, पाय उशीवर, गुडघ्यापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर. मला वाटलं, आता तरी म्हातारीला दया येईल.

आत्याने प्लास्टरवर नखाने टकटक करून बघितलं. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा. मग काठी भिंतीला टेकवली, पदर खोचला आणि हळूहळू वाकून माझ्या खाटेखाली बघायला लागली.

"काय शोधतेस गो आत्या?" वंदनाने विचारलं. "काय पडलं काय?"

"नाय गो," खाटेखालून आवाज आला. "अंडी बगते."